चित्रातले शब्द कोणी समजावून सांगावेत?

वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात कलेचा इतिहास आणि संग्रहालयशास्त्र असे दोन्ही विषय शिकवले जातात. वाचक म्हणतील, न्यूझीलंडच्या विद्यापीठाशी आपला काय संबंध? आमच्या वेळी शाळेत ड्रॉइंगचा तास असे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा असत, आणि फार तर सहलीला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. चित्र पाहणे हाही एक अभ्यास आहे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पण या विद्यापीठाच्या संग्रहात एक चित्र असे आहे की त्याच्यापुढे बेने इस्राएल माणसाला गप्प राहवणार नाही.

चित्राचे नाव ‘गेट थ्री’. कॉलिन मॅककाहन यांनी ते १९७० साली रंगवले आणि १९७१ साली ऑकलंडला ‘टेन बिग पेंटिंग्ज’ या प्रदर्शनात मांडले. उंची तीन मीटर, लांबी साडेदहा मीटरच्या आसपास. अणुयुद्धाने जग संपेल की काय, अशा भीतीचा तो काळ होता. त्या भीतीतून बाहेर पडायला दार कुठे आहे, हे चित्रकार शोधत होता. दार शोधायला तो गेला कुठे, तर आपल्या तनाखकडे. चित्रात माणसे नाहीत, झाडे नाहीत, शब्द आहेत. आणि त्यांत ‘आय ॲम’ ही दोन इंग्रजी पदे भल्यामोठ्या आकारात आहेत.

हे मॅककाहन (१९१९–१९८७) ऑकलंडच्या कलादालनात झाडूपोछ्याच्या कामाला लागले आणि पुढे तिथेच उपसंचालक झाले. १९६४पासून त्यांनी विद्यापीठाच्या इलाम कलाशाळेत शिकवले. म्हणजे कलादालन आणि वर्ग, दोन्ही त्यांनी आतून पाहिले होते. त्यांचे दुसरे प्रसिद्ध चित्र, ‘व्हिक्टरी ओव्हर डेथ टू’, न्यूझीलंड सरकारने १९७८ साली ऑस्ट्रेलियाला भेट दिले, तेव्हा दोन्ही देशांत त्याची भरपूर टिंगल झाली होती. आज त्याच चित्रासमोर विद्यार्थ्यांना उभे करतात.

आता आमची तक्रार. या चित्रकारावरची दोन-तीन व्याख्याने आम्ही निरनिराळ्या ठिकाणी ऐकली. वक्ते विद्वान होते. रंग कसा ओघळू दिला आहे, अक्षरे रस्त्याकडेच्या पाट्यांसारखी का आहेत, हे त्यांनी फार सुंदर सांगितले. आमचे डोळे उघडले, हे कबूल केले पाहिजे. पण ‘आय ॲम’पाशी आले की एक वाक्य, ‘हे बायबलमधले देवाचे नाव’, आणि पुढची स्लाइड. जळत्या झुडपापाशी मोशे रब्बेनूने नाव विचारले, तेव्हा जे उत्तर आले ते इंग्रजीत नव्हते. शब्द होता ‘एहये’. ज्याने हिब्रू व्याकरणाचा पहिला धडा गिरवला आहे त्याला ठाऊक आहे की हे रूप झालेल्या किंवा पुऱ्या झालेल्या क्रियेचे नव्हे. त्यात ‘मी आहे’ इतकेच नाही, ‘मी असेन’, ‘मी होईन’ हेही आहे. मराठी माणसाला हा भेद चटकन कळतो. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, ते आपल्याच लोकांसाठी. त्यामुळे आपण हे दोन्ही भाषांत तोलून पाहू शकतो. इंग्रजीतले ‘आय ॲम’ डोंगरासारखे जागच्या जागी उभे राहते. ‘एहये’ पुढे चालते. जग उद्या राहील का, असे विचारणाऱ्या चित्रात हा फरक किरकोळ कसा म्हणावा? आमच्या मते चित्राचा अर्धा अर्थ तिथे आहे. चित्रकाराने इंग्रजी बायबल वाचले, यात त्याचा दोष नाही. शिकवणाऱ्याने तरी मूळ शब्द उच्चारायला नको का?

ही अपेक्षा जास्त वाटली, तर संग्रहालयशास्त्र काय सांगते ते पाहा. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ते माओरी’ हे प्रदर्शन उघडले. १७४ वस्तू होत्या. त्या पाठवण्याआधी ज्या जमातींच्या त्या वस्तू, त्यांची परवानगी मागितली गेली; काहींनी सरळ नाही म्हटले. उद्घाटन पहाटे झाले, माओरी वडीलधाऱ्यांच्या मंत्रघोषात. प्रदर्शनामागच्या प्रमुख मंडळींत हिरिनी मोको मीड होते, याच व्हिक्टोरिया विद्यापीठातले माओरी विषयाचे प्राध्यापक. त्यानंतर इथल्या संग्रहालयांची रीतच पालटली. १९९८ साली उघडलेल्या ‘ते पापा’ संग्रहालयाने तर तत्त्वच मानले की वस्तूबद्दल बोलण्याचा हक्क ती ज्यांची आहे त्यांचा. मग हा नियम कोरलेल्या लाकडाला लागू आणि शब्दाला नाही, असे का? एकाच विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या या दोन विषयांनी एकमेकांचे ऐकावे, एवढेच आमचे म्हणणे.

तरी एक अडचण आहे, ती लपवत नाही. शेमोतचा तो प्रसंग फक्त आपलाच, असे म्हणता येईल का? ‘ते पापा’त ‘ते हाउ की तुरांगा’ हे कोरीव सभागृह आहे. राहारुही रुकुपो यांनी १८४०च्या दशकात ते घडवले आणि १८६७ साली सरकारने ते रोंगोवाकाता जमातीकडून उचलून नेले. त्याच जमातीतले ते कूती. त्यांना चॅथम बेटांवर कैदेत ठेवले होते. तिथे त्यांनी तनाख वाचला, आपल्या लोकांना मित्सरायिमातले बेने इस्राएल म्हणून ओळखले, आणि १८६८ साली निसटून आल्यावर रिंगातू पंथ चालवला. तो पंथ शनिवार पाळतो. कोकणात आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आठवून आम्हांला त्या सभागृहाबद्दल वाचताना हसू आले आणि थोडे गहिवरूनही आले. तेव्हा मालकी नको. एक शब्द मूळ उच्चारात ऐकवा, म्हणजे झाले.

आपल्या वस्तूंचे तरी आपण काय केले? एका गावी (नाव सांगत नाही) छोट्या प्रदर्शनात मलिद्याचे ताट मांडले होते. खाली चिठ्ठी: ‘फळांचे तबक, भारत’. पोहे नाहीत, खोबरे नाही, एलियाहू हन्नाबीचे नाव नाही. देणाऱ्या कुटुंबाने काही लिहून दिले नव्हते, असे चौकशीत कळले. म्हणजे दोष चिठ्ठी लिहिणाऱ्याचा कमी.

आमच्या घरात आजीचे ताट आहे, कडेला एक पोचा पडलेले. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही कागद घेतला आणि नवसाच्या मलिद्याला त्यात काय काय मांडत, कोणत्या क्रमाने, बेराखा कोण म्हणे, हे मराठीत लिहिले. खाली नातीकडून इंग्रजीत लिहून घेतले. ‘मलिदा’ला इंग्रजी शब्द काय, असे तिने विचारले. आम्ही सांगितले, तोच लिही.