स्वीकार कशाचा? संडासाचा की खड्ड्याचा?

घरगुती स्वच्छतेच्या टिकाऊ पद्धतींविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक ठरीव वाक्य हमखास येते : लोकांची मानसिकता तयार नाही. या वाक्यातले 'लोक' कोण, आणि त्यांची ही मानसिकता कोणत्या व्यवस्थेने घडविली, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तेच विचारावयाचे आहे.

पिंपरी-चिंचवडच्या सीमेला लागून देहू आहे. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तेथे वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले, तेव्हा गाव उघड्यावर जात होते. त्यांनी बांधून घेतलेले पहिले संडास पावसात ढासळले आणि गावाचा विश्वासही ढासळला. मापुसकर हटले नाहीत. पुढे त्यांनी 'मलप्रभा' हे संयंत्र रुजविले. संडासातला मैला सरळ बंद टाकीत जातो, तेथे कुजून गॅस होतो आणि तो गॅस चुलीला मिळतो. मधे कोणाचा हात लागत नाही. ज्या समाजात शिवाशिवीने स्वयंपाक बाटत होता, त्याच समाजातल्या घरांत या गॅसवर भाकरी भाजली गेली. २०१७ साली मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूचा धडा असा की मानसिकता ही काही दगडी भिंत नव्हे. पटणारी वस्तू समोर आली की ती हलते.

पण ती कुठवर हलते? मापुसकरांनी देहूत जी संस्था काढली, तिला अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव दिले. १९३२ साली अप्पासाहेब रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी भंगीकाम मागितले. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांनी अन्न सोडले; त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही सोडले. अप्पासाहेबांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण या प्रसंगाचा दुसरा अर्थ आपण वाचला पाहिजे. एका माणसाला जे काम मिळविण्यासाठी उपोषण करावे लागते, तेच काम दुसऱ्याच्या वाट्याला जन्माबरोबर येते. ते नाकारण्यासाठी त्याने उपोषण केले तर कोण धावून येणार? भंगीकामाला सेवेचे तेज चढविण्याच्या या वृत्तीवर बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात कठोर टीका केली, ती याचसाठी. ज्याला ते काम सोडण्याची मोकळीक नाही, त्याला त्यागाची महती सांगणे ही क्रूर थट्टाच होय.

आता दोन खड्ड्यांचा संडास घ्या. एक खड्डा भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मैल्याचे खत होते. त्याला वास नाही, घाण नाही. घरच्या माणसाने फावड्याने काढून शेतात टाकावे. शास्त्र सोपे आहे. तरीही लोक भली मोठी टाकी बांधतात. ती आपल्या हयातीत भरू नये एवढीच इच्छा. का? खड्डा उपसणे हे 'त्यांचे' काम, ही समजूत खताला वास नाही म्हणून जात नाही. २०१७ साली तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले. हेतू चांगला होता. परंतु त्याची बातमी झाली, यातच सगळे आले. ज्यांचे बापजादे रोज उतरत होते, त्यांची कधी बातमी झाली? ते मेले तेव्हाच झाली. २०२२ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर आणि वाघोली येथे मैल्याच्या टाकीत माणसे गुदमरून मेली. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारा कायदा २०१३ सालीच झाला होता.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कारखान्यांबरोबर भाड्याच्या खोल्या वाढल्या, मोठमोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या. कोठे टाकी आहे, कोठे आवारातच सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. यंत्र आधुनिक आहे म्हणून माणूस आधुनिक होतोच असे नाही. यंत्र तुंबले की ठेकेदाराला फोन जातो, आणि ठेकेदार ज्याला आणतो त्याचे नाव सोसायटीच्या सभेत कोणी विचारीत नाही. जातीचे जुने गावकूस येथे ठेक्याच्या कागदाने बांधले आहे.

म्हणून स्वीकाराची मोजणी बदलली पाहिजे. भांडी किती बसली, हे मोजून भागणार नाही. टाकी कोण उपसतो, कशाने उपसतो, कोणत्या वेतनावर, आणि नकार देण्याचा हक्क त्याला आहे काय, हे मोजावे. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन आणि शिक्षकांनी वर्गात हाच प्रश्न विचारावा. ज्या पद्धतीला माणसाचा हात लागत नाही, ती आपण उचलून धरू. आणि जेथे हात लागणारच, तेथे तो घरमालकाचा लागो. ज्या दिवशी तो बातमी न होता लागेल, त्या दिवशी लोकांनी संडास स्वीकारला असे म्हणता येईल.