फ्रीडूम : उघड्या आज्ञावलीचा खेळ

शाळेतल्या संगणकावर फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी बसवली, की मुलांचा पहिला प्रश्न असतो, “सर, यावर गेम चालतात का?” प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ‘फ्रीडूम’ हा खेळ त्याचे चांगले उत्तर देतो.

त्याचे मूळ आयडी सॉफ्टवेअरच्या ‘डूम’मध्ये (१९९३) आहे. हा खेळ डॉसवर गाजला. पण तो घडवला गेला नेक्स्टस्टेप या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीवर. डिसेंबर १९९७ मध्ये जॉन कार्मॅक यांनी त्याची मूळ आज्ञावली खुली केली. ती मुख्यतः सी भाषेत असल्याने थोडे फेरफार करून दुसऱ्या प्रणालीसाठी पुन्हा कंपाइल करता येते. बंद खेळांचे तसे नसते. लिनक्ससाठी तयार झालेली फाइल अन्यत्र चालवायला मधला अनुकूलन-थर लागतो. तो फ्रीबीएसडीत आहे. ओपनबीएसडीने २०१६ साली ६.० या आवृत्तीत काढून टाकला. डूमची वाट मात्र मोकळीच राहिली.

तरीही हा गाडा बैलांवाचून होता. नकाशे, चित्रे, आवाज यांचे हक्क कंपनीकडेच राहिले. फ्रीडूमच्या स्वयंसेवकांनी हे सारे नव्याने रचून बीएसडी परवान्याखाली दिले.

खेळ म्हणून तो डूमच्या तोडीचा नाही. अनेक हातांचे काम असल्याने काही दालने रेखीव, तर काही नुसती दमवणारी आहेत. राक्षसही एका कुळातले वाटत नाहीत. डूमसाठी लोकांनी रचलेले नकाशे चालावेत म्हणून जुनाच साचा पाळावा लागतो, त्यामुळे कल्पकतेलाही लगाम बसतो. शिवाय सारा खेळ गोळीबाराचा. लहान वर्गांना तो देऊ नये.

वरच्या वर्गांत मात्र खेळापेक्षा त्यामागची आज्ञावली उघडून दाखवावी. पिस्तुलाची गोळी ५, १० किंवा १५ गुणांची इजा करते. कोणती, हे नशीब ठरवते असे वाटते; प्रत्यक्षात ते आधीच लिहून ठेवलेल्या २५६ आकड्यांच्या कोष्टकातून ओळीने घेतले जाते! मुलांना तो ५ बदलून ५० करू द्यावा, पुन्हा कंपाइल करू द्यावे आणि काय होते ते पाहू द्यावे. बंद खेळ कितीही देखणा असला, तरी हा प्रयोग तो करू देत नाही.