कायमचा म्हणजे किती दिवसांचा? : खेळांच्या तीन परवान्यांचं वाचन

खेळांच्या परवान्यांवर तत्त्वज्ञानाच्या माणसानं काय बोलावं, असं काहींना वाटेल. पण आमचा सगळा जन्म शब्दांचा कीस काढण्यात गेला, आणि इथं एका शब्दावर कितीतरी छोट्या प्रकाशकांचं पोट टांगलेलं होतं.

आधी खेळ समजून घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' टेबलाभोवती बसून खेळतात. एकजण गोष्ट पुढं नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि पेच पडला की फासे टाकतात. नियम 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या अमेरिकन कंपनीचे. पण त्या नियमांवर बेतलेल्या नव्या कथा, नवे राक्षस, नवे मुलूख लिहून विकणारे बाहेरचे प्रकाशकही आहेत. त्यांच्यासाठी कंपनीनं २००० साली 'ओपन गेम लायसन्स' काढलं. आपण ओजीएल म्हणू.

या मजकुरात परवाना 'कायमचा' आहे असं म्हटलंय. तो 'परत घेता येणार नाही' असं मात्र कुठंच म्हटलेलं नाही. आता कुणी म्हणेल, दोन्ही एकच की! नाही. मुदत न घातलेलं उसनं आणि परत न मागायचं दान यांत फरक आहे. भरीला नववं कलम. कंपनी परवान्याच्या नव्या आवृत्त्या काढू शकते, आणि तुम्ही त्यांतली कुठलीही 'अधिकृत' आवृत्ती वापरा, असं ते सांगतं. अधिकृत कोण ठरवणार? कुणाची अधिकृतता काढून घेता येते का? मजकूर गप्प. वीस-बावीस वर्षं या मौनाकडं फारसं कुणी बघितलं नाही, कारण व्यवहार सुरळीत होता.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुनी आवृत्ती यापुढं अधिकृत नाही, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्के रॉयल्टी द्या, असा त्याचा सूर. गदारोळ झाला. २७ जानेवारीला कंपनीनं माघार घेतली. जुना परवाना ठेवला, आणि मूळ नियमांचा मोठा भाग 'क्रिएटिव्ह कॉमन्स'च्या श्रेयनिर्देश ४.० या परवान्याखाली खुला केला.

आपल्या भागातल्या माणसाला यात नवल वाटू नये. शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ आठवा. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे ते आहेत तोवर हे दान. मुदतीचा प्रश्न तिथंच मिटला. तरीही खाली दान मोडणाऱ्याला ती गाढवाची शिवी चित्रात कोरलेली असते, आपण इथं तिचं वर्णन करायला नको. का कोरली? कारण चंद्र-सूर्यानं मुदत सांगितली तरी उद्याच्या राजाचा हात धरला जात नाही, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. ओजीएलच्या वकिलांनी चंद्र-सूर्य काढले, शिवी राहून गेली.

पण परत घेणं म्हणजे नेहमीच अन्याय, असंही समजू नका. याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली पिढीजात कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. तेही 'कायमचं'च मोडणं होतं. फरक असा की तिथं वतनदाराची पकड सुटून रयत मोकळी होणार होती. इथं ज्यानं दिलं, त्याचीच तिजोरी भरणार होती.

ओजीएलचा आणखी एक दोष, आणि आमच्या मते हाच मोठा. खेळाच्या नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची मांडणी यांत अशीच रेघ ओढली आहे. म्हणजे जे बरंचसं आपलंच होतं, ते हा परवाना देतो. आणि बदल्यात सातव्या कलमानं, 'माझं पुस्तक अमुक खेळाबरोबर चालतं' एवढं त्याच्या ट्रेडमार्कचं नाव घेऊन सांगायची मोकळीकही वेगळ्या करारावाचून काढून घेतो. याला औदार्य म्हणायचं का?

तिसरा मजकूर 'ओआरसी'. पायझो या प्रकाशकाच्या पुढाकारानं २०२३ मध्येच तयार झाला. 'परत घेता येणार नाही' हे त्यात स्पष्ट आहे. पात्रं, कथा, चित्रं तुमची राखीव. पण तुम्ही नियमांत जी भर घालाल तीही पुढच्यांना खुली करावी लागते. आपल्याकडं मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त, बलू हे फॉन्ट ज्या 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आहेत, त्याचाही बाणा असाच: बदल करा, पण बदललेला फॉन्ट त्याच अटींवर द्या. क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश परवाना ही मागणी करत नाही. श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, बास. तोही परत घेता येत नाही. लोकशाहीची गोडी आम्हाला ओआरसीत अधिक वाटते. तरी किल्ल्यांवरचा एखादा खेळ मराठीत करू पाहणाऱ्या पोराला आम्ही श्रेयनिर्देशच सुचवू. त्याखाली भाषांतर करता येतं, विकता येतं, आणि मजकूर समजायला वकील लागत नाही.

उलट बाजूनं, तुम्ही स्वतःचे नियम इतरांना देणार असाल तर जपून लिहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आणि ३०-अ एकत्र वाचा. परवान्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा 'खुलं आहे, वापरा' एवढंच लिहून थांबू नका. मुदत लिहा, प्रदेश लिहा, आणि परत घेणार नसाल तर तेही लिहा.