फोन मेक प्रकरण : जबानीचा कागद व त्याचे प्रामाण्य

अलेक्सांदर सोल्झेनित्सिन यांचा ‘गुलाग द्वीपसमूह’ हा ग्रंथ (पहिला खंड, पॅरिस, १९७३) सोव्हिएट अमदानीतील दडपशाहीचा इतिहास म्हणून सर्वत्र वाचिला जातो. ग्रंथकाराने स्वतः बंदिवास भोगिला होता. स्वानुभव, दोनशेंहून अधिक साक्षीदारांचे कथन आणि छापून प्रसिद्ध झालेले साहित्य एवढ्या सामग्रीवर त्यांनी हा ग्रंथ रचिला. गुप्त पोलिसांचे दप्तर त्यांस उघडे नव्हते. अशा ग्रंथास साधन म्हणून कितपत मान द्यावा, हे त्यातील एका लहान प्रकरणावरून तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

निकोलाय कार्लोविच फोन मेक (जन्म १८६३) हा जुन्या रेल्वे-घराण्यातील पुरुष. पिता कार्ल हा रेल्वेमार्ग बांधणारा. माता नाद्येझ्दा ही संगीतकार चायकोव्हस्की याची आश्रयदात्री म्हणून प्रसिद्ध आहे. क्रांतीपूर्वी निकोलाय हा मॉस्को-कझान रेल्वेच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष होता. क्रांतीनंतर देशत्याग न करिता त्याने नव्या सरकारच्या रेल्वे खात्याची सेवा पत्करिली. त्यास अनेकवार अटक झाली व सुटकाही झाली. १९२८ च्या अटकेतून मात्र तो परतला नाही. पाल्चिन्स्की व वेलिच्को यांच्यासह त्यास देहान्त शिक्षा दिल्याचे मे १९२९ मध्ये जाहीर झाले. उघड खटला चाललाच नाही. ‘ओगेपेऊ’ या गुप्त पोलीस खात्यानेच आरोप ठेविला आणि त्याच्याच मंडळाने निकाल दिला.

ग्रंथकाराचे कथन असे : मालगाड्या अधिक मोठ्या व अधिक जड कराव्यात असा मेकचा सल्ला होता. रूळ, डबे व एंजिने झिजवून परचक्राच्या वेळी देश रेल्वेविना ठेवावा, हाच त्यातील अंतस्थ हेतू, असे तपासनिसांनी ठरविले. पुढे अल्पावकाशात रेल्वेमंत्री कागानोविच यांनी जड गाड्या चालविण्याचाच हुकूम सोडिला; आणि रूळ-डब्यांस इतका भार सोसणार नाही असे म्हणणारे एंजिनियर ‘मर्यादावादी’ ठरून तेही मारले गेले.

या कथनातील कालगणना सदोष आहे. कागानोविच रेल्वे खात्यावर आले ते फेब्रुवारी १९३५ मध्ये. मधल्या काळात रुद्झुताक, रुखिमोविच व आंद्रेयेव यांनी क्रमाने ते खाते सांभाळिले. म्हणजे ग्रंथकाराचा ‘अल्पावकाश’ जवळजवळ सहा वर्षांचा आहे. दुसरा दोष असा की, एके ठिकाणी मेकला गोळी घातल्याचे ते निःशंक सांगतात. पुढील एका प्रकरणात मात्र तो छळात मेला की गोळीने, हे अद्याप कळलेले नाही असे म्हणतात. ही दोन विधाने एका लेखणीस शोभत नाहीत.

तथापि या दोषांनी मूळ प्रतिपाद्यास बाध येतो काय? आमच्या मते येत नाही. १९२९ मध्ये भार वाढवा म्हणणे हा राज्यद्रोह. १९३५ मध्ये भारास मर्यादा आहे म्हणणे हाही राज्यद्रोह. हेतू आणि त्या हेतूचा अभाव ही दोन्ही ज्या साध्यास सारखीच सिद्ध करितात, ते साध्य हेतूवर उभे नसते, हे तर्कसंग्रहाचा विद्यार्थीही सांगेल. अपराध अगोदर ठरला होता. पुरावा मागाहून जुळविला गेला.

मेक व त्याचे सोबती बहुधा अखेरपर्यंत टिकून राहिले, असे ग्रंथकार म्हणतात. १९२८ च्या शाख्ती खटल्यात ५३ आरोपी लोकांसमोर उभे केले गेले. १९३० च्या ‘औद्योगिक पक्ष’ खटल्यात आठही आरोपींनी भर सभेत अपराध कबूल केला आणि मृत पाल्चिन्स्कीस कटाच्या अग्रस्थानी बसविले. या दोहोंच्या मध्ये मेकचाच खटला बंद दाराआड का उरकावा? कबुलीजबाब हाती लागला नसावा, हे अनुमान आम्हांस सयुक्तिक वाटते. परंतु ते अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. ग्रंथकाराने घातलेला ‘बहुधा’ हा शब्द उतारा घेणाऱ्याने गाळू नये.

आता जबानीच्या कागदांविषयी. आमच्याकडील संशोधकांस अस्सल कागद हाती आला म्हणजे बखर बाजूस सारण्याची सवय आहे, आणि ती बव्हंशी योग्यच आहे. सोव्हिएट तपासाच्या कागदास मात्र हा नियम जसाचा तसा लाविता येत नाही. प्रश्नोत्तरे बहुधा तपासनीस स्वतःच्या हाताने व स्वतःच्या भाषेत लिही. बंदी पानोपानी सही करी. तपासनीस पाळीपाळीने बदलत आणि बंद्यास दिवसेंदिवस झोप मिळू देत नसत. या रीतीस ते ‘कन्व्हेयर’ म्हणत. १९३७ पासून मारहाणीस वरून मुभा होती, हे स्टालिनच्या १० जानेवारी १९३९ च्या तारेवरूनच सिद्ध होते. रेल्वे खात्याचा उपमंत्री लिव्हशित्स याने जानेवारी १९३७ च्या खटल्यात रेल्वेगाड्यांचे अपघात मुद्दाम घडवून आणिल्याचे कबूल केले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. अशा जबानीचा कागद खरा, शाई खरी, सहीही खरी. कर्ता मात्र सही करणारा नव्हे.

कौटिल्यास हे ठाऊक होते. चौकशीच्या प्रकरणात त्याने अणिमाण्डव्याचा दाखला दिला आहे : चोर नसताही छळाच्या भयाने तो ‘मी चोर आहे’ असे बोलला. म्हणून पुराव्याची पूर्तता झाल्यावाचून शिक्षा देऊ नये, असा त्याचा दंडक आहे. छळाचा विधी सांगणाऱ्या त्याच प्रकरणात हे वचन यावे, हे विशेष होय.

येणेप्रमाणे येथे बखर आणि अस्सल यांची नेहमीची प्रतवारी उलटते. सोल्झेनित्सिन यांची बखर तारखांत चुकते, पण आशयात खरी उतरते. दप्तरातील जबानी तारखांत बिनचूक असते आणि आशयात खोटी असू शकते. म्हणून बळाने घेतलेली जबानी ही बंद्याच्या कृत्याचा पुरावा मानू नये. विचारणाऱ्यास काय हवे होते, याचा मात्र ती उत्तम पुरावा आहे. दप्तरांच्या प्रती संग्रही घेणाऱ्यांनी अशा प्रत्येक कागदावर लिहिणारा कोण व सही करणारा कोण, याची निरनिराळी नोंद करावी. ती न केल्यास मेकसारख्या मनुष्यावरील आरोप आमच्याच सूचीत त्याचे चरित्र म्हणून नोंदला जाईल.