हुसेन यांची ‘जमीन’ आणि अम्मींचा सवाल

मकबूल फिदा हुसेन यांचे ‘जमीन’ हे चित्र आम्ही कित्येक वर्षे एका पुस्तकातच पाहत आलो. वीतभर लांबीची पट्टी, पान उलटले की संपली. त्या छपाईवर आम्ही जीव लावला, तिच्या भरवशावर मतेही मांडली. मूळ चित्र कधी पाहायला मिळेल असे मात्र वाटले नव्हते.

कशेडीहून आम्ही सहकुटुंब दिल्लीला गेलो होतो. इंडिया गेट पाहून झाले, ऊन चढले, अम्मींचे गुडघे दुखू लागले. जवळच जयपूर हाउस. तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. घटकाभर सावलीत टेकावे, एवढाच हेतू. दालनात शिरलो आणि समोर ‘जमीन’! मुले पुढे निघून गेली, आमचे पाय मात्र तिथेच खिळले.

प्रथम जाणवली ती लांबी. उंची सुमारे तीन फूट, लांबी अठरा फूट. हे चित्र एका नजरेत मावत नाही, चालत चालत पाहावे लागते. शेजारी शेजारी मांडलेले गावचे प्रसंग, माणसे, जनावरे. कुणी एक नायक नाही, सगळ्यांना सामावणारे क्षितिज नाही. पुस्तकात जी नक्षी वाटली होती, ती इथे वाट होती. 1930 च्या दशकात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवलेल्या या हाताला, चालत्या माणसासमोर चित्र कसे उलगडावे हे ठाऊक असणारच.

1955 साली ललित कला अकादमीच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात या चित्राला पुरस्कार मिळाला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (1953) या चित्रपटाची प्रेरणा त्यामागे मानली जाते. पण चित्रपटातला शेतकरी कर्जापायी जमीन गमावतो. हुसेन यांच्या चित्रात मात्र कर्जाचे रडगाणे नाही, गावच्या जगण्याचा उत्सव आहे. आम्ही याचे नेहमी कौतुकच केले.

अम्मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या. मग म्हणाल्या, “चांगले काढले आहे रे. पण ही जमीन कुणाची? सातबारा कुणाच्या नावावर?”

आम्ही हसलो, आणि लगेच ओशाळलो. खोती 1949 च्या कायद्याने गेली, पण कुळ आणि बांध यांची बोलणी आमच्या घरांतून गेली नाहीत. पुरुष मुंबईला, आखातात गेले, वरकस ओसाड पडली. महामार्ग रुंदावला, घाटाच्या पोटातून बोगदा निघाला. अम्मींच्या सवालाला चित्रात जवाब नाही. ही त्याची उणीव आहे, आणि आम्ही ती आजवर पाहिली नव्हती.

तरीही चित्र खोटे ठरत नाही. गाव सोडलेल्या माणसाला जमीन अशीच आठवते, कज्ज्यांशिवाय. पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या हुसेन यांनी 2006 मध्ये देश सोडला, 2010 मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले, आणि 2011 मध्ये लंडनला देह ठेवला. त्यांची कबरही तिकडेच आहे. अखेरीस सातबारा त्यांच्याही हाती नव्हता.

वाचकांना एवढेच सांगणे, की छापील प्रतीवरून चित्राचा निवाडा करू नये. आणि मूळ चित्रापुढे उभे राहताना, शेतात राबलेले घरचे एखादे माणूस सोबत असावे.