लघुप्रबंधातील शिफारस : एका लेखनप्रकाराची चिकित्सा

पर्यावरण आणि ऊर्जा या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला विद्यार्थी धोरणाच्या कार्याकडे कोणत्या वाटेने जातो, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा नोकऱ्यांच्या संख्येवरून केला जातो. तो विचार अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या वाटेच्या प्रारंभीच एक लेखनकृती उभी असते, आणि तिच्याकडे समीक्षकाचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही कृती म्हणजे विद्यार्थ्याचा लघुप्रबंध होय. प्रस्तुत टिपणात यवतमाळ जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून या लेखनप्रकाराचे, विशेषतः त्याच्या शेवटच्या प्रकरणाचे, परीक्षण करावयाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर आला, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमात तो अनिवार्य केला. विषय पसरला त्याबरोबर त्यावरील लघुप्रबंधाचाही एक साचा ठरून गेला. आरंभी विषयाची महती, मग पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, मग पाण्याचे वा मातीचे नमुने, कोष्टके, आलेख आणि अखेरीस शिफारशी. नमुने घेण्यात आणि ते तपासण्यात विद्यार्थ्याने केलेले श्रम पुष्कळदा खरे असतात. शिफारशीत मात्र त्या श्रमांचे चीज होत नाही. ‘शासनाने याकडे लक्ष पुरवावे’, ‘जनतेत जागृती करण्यात यावी’, ‘योग्य त्या उपाययोजना व्हाव्यात’ अशी वाक्ये तेथे भेटतात. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहेत. परंतु कर्ता कोण, हे त्यांत कळत नाही. शासन म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळ, वनविभाग, जिल्हाधिकारी की दिल्लीतील मंत्रालय? कोणत्या कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली आणि केव्हापर्यंत? जे वाक्य कोणावरच बंधन घालीत नाही, ते कोणाला खोडूनही काढता येत नाही. विद्यार्थ्याला यात सुरक्षितता वाटते. तथापि धोरणाच्या कार्याची वाट याच सुरक्षिततेने बंद होते.

याच्या उलट प्रकारचे लेखन मराठी मुलखात झालेले आहे. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ साली झाला. त्याची तांत्रिक व आर्थिक चिकित्सा पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. त्या वेळी प्रकल्पाविषयी स्वदेशी विरुद्ध परदेशी असा वाद भर रंगात होता. या अभ्यासकांनी तो बाजूला ठेवून कराराची कलमे वाचली. वीज घेतली न घेतली तरी प्रकल्प सज्ज ठेवल्याबद्दल द्यावयाचा आकार किती, इंधनाच्या किमतीतील आणि डॉलरच्या दरातील चढउताराचा भार कोणी सोसावयाचा, हे प्रश्न त्यांनी आकड्यांनिशी मांडले. येथे प्रत्येक विधानाला कर्ता आहे : राज्य वीज मंडळ अमुक परिस्थितीत अमुक रक्कम देईल. हे विधान चूक असेल तर ते करारावरूनच चूक ठरविता येते. १९९५ साली राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, १९९६ साली फेरवाटाघाटी करून तो पुन्हा स्वीकारला, आणि महाग विजेचा बोजा न पेलल्याने २००१ साली तो बंद पडला. चिकित्सा बिनचूक असली म्हणजे तिचे ऐकले जातेच असे नाही, हाही बोध यातून घ्यावा लागतो. परंतु १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि वीजदरावर जाहीर सुनावणी होऊ लागली, तेव्हा अशा वाचनाला कायद्याचे व्यासपीठ मिळाले.

दुसरे उदाहरण माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी सत्तरीच्या दशकात कर्नाटकातील बांबूवर केलेल्या अभ्यासाचे आहे. बांबू खुंटतो तो गावकऱ्यांच्या तोडीमुळे व गुरांमुळे, असे वनखाते मानीत असे. या अभ्यासकांना रानात दिसले ते निराळेच. बेटाच्या बुडाशी वाढणारे काटेरी जाळे खाते स्वतःच साफ करवीत होते, आणि त्यामुळे कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी जात होते. शिवाय कागद गिरण्यांची तोडही बेसुमार होती. येथे संशोधकाने बांबूबरोबर बांबूविषयीचा नियमही तपासला. कोलामांची वस्ती असलेल्या केळापूर आणि झरी जामणी या तालुक्यांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास ही पद्धत उपयोगी पडावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून त्यावरील हक्क गावाकडे दिला असल्याने, तेथे आता तपासावयाचा नियम केवळ वनखात्याचा राहिलेला नाही, ग्रामसभेचाही आहे.

आता वणीच्या कोळसापट्ट्याकडे वळू. उकणी, निलजई यांसारख्या उघड्या खाणी वर्धा नदीच्या खोऱ्यातील शेतीला लागून आहेत. अशा मोठ्या खाणीचा विस्तार करावयाचा तर १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल तयार करावा लागतो, आणि जेथे जनसुनावणी लागू असते तेथे त्याचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. सुनावणीत निघालेले मुद्दे शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावयाचे, अशीही तरतूद आहे. म्हणजे मराठी गद्याचा एक प्रकार कायद्यानेच निर्माण केला आहे. त्या गद्यावर गावाचे पाणी, धूळ आणि जमीन अवलंबून असते. तरी साहित्याच्या वा पर्यावरणशास्त्राच्या विभागांनी त्याची समीक्षा हा आपला विषय मानलेला नाही. इंग्रजी अहवालात भूजलपातळी किती मीटरने उतरेल हे लिहिलेले असताना मराठी सारांशात ‘परिणाम नगण्य राहील’ एवढेच आले, तर हे भाषांतराचे वैगुण्य म्हणून सोडून देता येणार नाही. तेथे निर्णयाचा आधारच वाचकापासून दूर ठेवला जातो.

यावर एक सबळ आक्षेप येईल. असे अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्था हाच पर्यावरणशास्त्राच्या पदवीधरास सहज दिसणारा रोजगार आहे, आणि सल्लागाराचे शुल्क प्रकल्पाचा प्रवर्तकच देतो. मग ज्याला उद्या तेथे नोकरी करावयाची, त्याने आज त्या लेखनाची चिकित्सा करावी ही अपेक्षा निष्ठुर नाही काय? आक्षेप खरा आहे. यवतमाळच्या मध्यमवर्गीय घरातील वा शेतकऱ्याच्या मुलास नोकरी नाकारण्याचा उपदेश करणे सोपे. त्याच्या घरचा खर्च उपदेशकाला चालवावयाचा नसतो. परंतु यावरून चिकित्सा टाळावी असे ठरत नाही. ती करण्याची शेवटची मोकळी जागा विद्यापीठ हीच आहे, एवढेच यावरून ठरते. लघुप्रबंधाचे वर्ष तरी कोणाच्या शुल्कावर चालत नाही.

शिवाय वाट एकच आहे असेही नाही. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची त्यातील पद्धत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने बसवून दिली. याच संस्थेच्या ग्रामीण तंत्रज्ञानविषयक केंद्रात पदव्युत्तर विद्यार्थ्यास काही आठवडे खेड्यात राहून काम करावे लागते. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांना किती लागला, हा हिशेब गावच्या सभेपुढे ठेवता येतो आणि शेतकरी तो खोडूनही काढू शकतो. असा अभ्यास पवईहूनच यावा असे काही नाही. शिवार जवळ असणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास तो अधिक चांगला साधावा.

गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीचा अहवाल २०११ साली पूर्ण झाला, परंतु माहिती अधिकाराचा लढा झाल्यावर, २०१२ साली, तो लोकांसमोर आला. आणि आला तो इंग्रजीत. ज्यांच्या गावांविषयी तो होता, त्यांच्यापर्यंत तोवर अफवा पोहोचल्या होत्या. उत्तम अभ्यासही वाचकाच्या भाषेत आणि वेळेवर न पोहोचल्यास दुबळा ठरतो, हे यावरून ध्यानी यावे.

म्हणून सूचना अशी की लघुप्रबंधाचे शेवटचे प्रकरण मराठीत, एका विशिष्ट कार्यालयास उद्देशून लिहावे. त्यात तरतूद, मुदत आणि आकडा नमूद असावा. आणि सुनावणीची वा हरकतींची मुदत चालू असल्यास ते तेथे रीतसर सादरही करावे. परीक्षकांनी गुण देताना ‘हे विधान कोणाला खोडून काढता येईल काय?’ हा प्रश्न विचारावा. अशा प्रकरणामुळे नोकरी मिळेलच, असे आश्वासन कोणी देऊ नये. परंतु नियामक आयोगापुढे, जनसुनावणीत वा ग्रामसभेत ज्या प्रकारचे लेखन लागते, ते विद्यार्थ्याने पदवी घेण्यापूर्वी एकदा तरी केलेले असेल. आणि वणीच्या सुनावणीत मराठी सारांश हाती घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तो सारांश मूळ अहवालाशी ताडून पाहिलेला एक माणूस शेजारी मिळेल.