लिंकनचे पहिले अभिभाषण आणि फ्रेडरिक डग्लसची टीका

नव्या राष्ट्रप्रमुखाच्या पहिल्या भाषणावर नागरिकाने व्यक्त केलेले मत पुढील घटनांनी खरे ठरविले तर त्यास दूरदृष्टी म्हणतात. खोटे ठरविले तर उतावीळपणा. अब्राहम लिंकन ह्यांच्या ४ मार्च १८६१ च्या अभिभाषणावर फ्रेडरिक डग्लस ह्यांनी रॉचेस्टरहून निघणाऱ्या आपल्या मासिकाच्या एप्रिल १८६१ च्या अंकात जो लेख लिहिला, तो दुसऱ्या वर्गात टाकला जाण्याचा संभव आहे. कारण त्यात ज्यांची निर्भर्त्सना आहे, त्याच लिंकन ह्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला. तथापि ह्या लेखाचे मूल्य भविष्यकथनात नसून वाचनाच्या काटेकोरपणात आहे.

अभिभाषणाच्या दिवशी दक्षिणेतील सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती. गुलामगिरी असलेली आणखी आठ राज्ये अद्याप संघराज्यातच होती. त्यांना आश्वस्त करणे हा भाषणाचा तात्कालिक हेतु होता. म्हणून आरंभीच लिंकन ह्यांनी आपल्याच जुन्या भाषणातील एक विधान पुन्हा उच्चारले : ज्या राज्यांत गुलामगिरी आहे तेथे तीत हस्तक्षेप करण्याचा कायदेशीर अधिकार आपणास नाही, आणि तशी इच्छाही नाही.

डग्लस ह्यांची टीका ह्या दुसऱ्या अंगावर केंद्रित झाली आहे. अधिकार नाही असे म्हणणे ही घटनेची मर्यादा सांगणे होय. इच्छा नाही असे म्हणणे हे स्वतःच्या अंतःकरणाविषयी दिलेले निवेदन होय. पहिले विधान राष्ट्राध्यक्षास करणे भाग होते. दुसरे करावयास त्यास कोणी बांधलेले नव्हते. हा भेद ओळखून डग्लस ह्यांनी ते वाक्य वक्त्याच्या बुद्धीस व हृदयास सारखेच कमीपणा आणणारे ठरविले. हे विधान जुनेच होते, असा बचाव करता येईल. परंतु १८५८ मध्ये ओटावा येथे सेनेटच्या उमेदवाराने काढलेले उद्गार आणि तेच उद्गार राष्ट्राध्यक्षाने शपथविधीच्या प्रसंगी पुन्हा काढणे, ह्यांचे वजन एक नव्हे.

पळून गेलेल्या गुलामास परत करण्याविषयीचे घटनेतील कलम लिंकन ह्यांनी भाषणात वाचून दाखविले, त्यावरही डग्लस तुटून पडतात. येथे लेखातील उपरोध विशेष मार्मिक आहे. घातपाताच्या भीतीने लिंकन बाल्टिमोरमधून गुप्तपणे राजधानीस पोहोचले होते. पाठलाग चुकवीत उत्तरेकडे निघालेल्या गुलामाप्रमाणेच ते आले, असे डग्लस म्हणतात. १८३८ मध्ये त्याच बाल्टिमोरहून वेषांतर करून निसटलेल्या लेखकाच्या हाती ही उपमा केवळ अलंकार राहत नाही.

लेखास मर्यादाही आहेत. संघराज्य मोडता येत नाही हा भाषणाचा मुख्य सिद्धान्त. तो गुलामधारकांच्या सत्तेस किती घातक ठरेल, ह्याचा पुरेसा अदमास डग्लस ह्यांस आला नाही. शिवाय मुक्त मनुष्य गुलाम म्हणून कोणाच्या हवाली होऊ नये, ह्यासाठी कायद्यात संरक्षण असावे, ही भाषणातील सूचनाही लहान नव्हती. परंतु हे मान्य करूनही मूळ आक्षेप उरतोच. आठ राज्यांतील गुलामधारक हे त्या भाषणाचे श्रोते होते. देशातील सुमारे ४० लाख गुलाम हे त्याचा केवळ विषय होते. डग्लस ह्यांनी ते भाषण ह्या विषय झालेल्यांच्या बाजूने वाचले.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी ह्यांनी आफ्रिकी वंशाचे लोक घटनेच्या अर्थाने नागरिक होऊच शकत नाहीत, असा निर्णय दिला होता. आणि लिंकन ह्यांस शपथ दिली ती ह्याच टॉनी ह्यांनी. म्हणजे ज्याचे नागरिकत्व न्यायालयाने नाकारले होते, तो मनुष्य राष्ट्राध्यक्षाच्या शब्दांचा हिशेब नागरिकाच्या अधिकाराने मागत होता. घटनेने त्या अधिकारास मान्यता दिली ती चौदाव्या दुरुस्तीने, १८६८ मध्ये.

४ मार्च १८६५ च्या दुसऱ्या अभिभाषणाची डग्लस ह्यांनी खुद्द लिंकन ह्यांच्यासमोर प्रशंसा केली. ह्यावरून १८६१ चे मत त्यांनी मागे घेतले असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही. दुसऱ्या भाषणात लिंकन ह्यांनी गुलामगिरी हेच युद्धाचे कारण असल्याचे सांगितले, आणि त्या पापाचा वाटा उत्तर व दक्षिण ह्या दोघांच्याही पदरी घातला. गुलामगिरीस अन्याय म्हणण्याची तयारी आहे की नाही, हीच डग्लस ह्यांची दोन्ही वेळची कसोटी होती. बदलले ते भाषण. माप तेच राहिले.

महात्मा फुले ह्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, हे मराठी अभ्यासकास परिचित आहे. त्या मुक्तीचे श्रेय वाटताना राष्ट्राध्यक्षाच्या जाहीरनाम्याबरोबरच त्याच्या एका शब्दावर अडून बसलेल्या ह्या टीकालेखाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.